मुकं सिंक

सिंक निवडायला असा कितीसा वेळ लागतो? दीपाली मेश्रामच्या मते, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या बाईला एक रविवार म्हणजे डोक्यावरून पाणी! लोक रंग बघतात, चकाकी बघतात, शेजारणीचं बघतात. ती आवाज बघणार होती.

कारणही तसंच होतं. विश्रांतवाडीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये बिल्डरने बसवून दिलेलं स्टीलचं सिंक पापडाइतकं पातळ होतं. त्यात चमचा पडला तरी आगीचा बंब आल्यासारखं वाटे. आणि तिच्या सासूबाई, हिराबाई, चमच्यावर थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या. नागपूरहून मुलाकडे राहायला आल्यापासून भांडी त्याच घासत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. रागावल्या तर तोंडातून एक अक्षर नाही, सगळं भांड्यांतून! मेथी जून निघाली, तर वाट्या. मालिकेच्या ऐन वेळी लाइट गेली, तर पातेली.

दीपालीचा नवरा चेतन हिंजवडीतल्या एका कंपनीत होता आणि अमेरिकेचे कॉल संध्याकाळी घरून घ्यायचा. एकदा तो क्लायंटला "आमची सिस्टिम आता अगदी स्थिर आहे" असं सांगत असतानाच आत कढई कोसळली. क्लायंटने घाबरून विचारलं, "तुमच्याकडे सगळे सुखरूप आहेत ना?"

"हो, हो! ती माझी आई!" चेतन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी क्लायंटच्या अख्ख्या टीमने आईच्या प्रकृतीसाठी शुभेच्छा पाठवल्या!

"दीपाली, काहीतरी कर," चेतन काकुळतीला आला. "आईला म्यूटचं बटण नाही."

म्हणून दीपाली पर्समध्ये चमचा, वाटी आणि पट्टी घेऊन टिंबर मार्केटजवळच्या एका दुकानात गेली. सिंकमध्ये पट्टी उभी धरायची, प्रत्येक वेळी तेवढ्याच उंचीवरून चमचा सोडायचा आणि कान लावायचा. टण्ण! टंग! ठण्ण! दुकानाचे मालक सर्जेराव गल्ल्यावरून बघत होते.

"मॅडम, सिंक घ्यायचंय की तबला?"

"आवाज तपासतेय."

"तपासा ना. गाणारा बोलवू का?"

दीपालीने तिकडे लक्ष दिलं नाही. जाड स्टील झालं, खालून रबर लावलेलं स्टील झालं. मग सर्जेरावांनी पांढरं सिरॅमिक दाखवलं.

"यात कप पडला तर फुटेल," ती म्हणाली.

"मग पाडू नका."

शेवटी कोपऱ्यात एक काळंकुट्ट सिंक सापडलं, दगडाचा चुरा आणि रेझिन मिसळून ओतलेलं. तिने चमचा सोडला. ढप्. वाटी सोडली. ढप्. गादीवर मांजराने उडी मारावी, तसा आवाज! दीपालीला गहिवरून आलं.

"हेच!"

"एवढं तर लोक स्थळसुद्धा बघत नाहीत," सर्जेराव म्हणाले.

सिंक बसलं. हिराबाईंनी त्यात डोकावून पाहिलं.

"काळ्या सिंकात काळा तवा. शोधाले कंदील आणू का?"

टँकरच्या पाण्याने दोनच दिवसांत त्यावर पांढरी नक्षीही उमटली. दीपाली व्हिनेगरने पुसून काढायची, पुन्हा उमटायची. पण शांतता! काय ती शांतता! चेतनचे कॉल लोण्यासारखे पार पडू लागले. "आई किती शांत झालीय गं!" तो येताजाता म्हणे. दीपालीने तर स्टाफरूममध्ये जाहीरच केलं, "मटेरियल बदला, स्वभाव बदलतो!" सासू असलेल्या दोघी-तिघी लगेच तिच्याबरोबर सिंक बघायला निघाल्या. दुकानात नवी पाटी लागली होती : 'सिंक वाजवून पाहू नये. चमचे घरी ठेवून यावे.'

आणि मग एका सकाळी दीपाली बाहेरच्या खोलीत आली, तर हिराबाई पांढरीशुभ्र साडी नेसून, बॅग घेऊन दारात उभ्या!

"आई, कुठे निघालात?"

"नागपूरले. अन् आता परत नाही येत. जिथं माणसाचं कोणी ऐकूनच नाही घेत, तिथं कायले राहू?"

चेतन दात घासता घासता धावत आला. "काय झालं, आई?"

"आता विचारतोस? दसरा तोंडावर आला. दीक्षाभूमीले जायचं होतं. तिकीट काढतो म्हणून कोण म्हटलं होतं?"

चेतनच्या तोंडातला फेस शर्टावर सांडला. "विसरलो! पण मग तू आठवण का नाही केलीस?"

"नाही केली? रोज करून राहिली! सकाळी पातेल्यानं केली, संध्याकाळी कढईनं केली. काल तर कुकर आपटला, शिट्टीसकट! अन् तू बाहेरून म्हणून राहिला, 'आई, चहा मस्त झाला!'"

दीपाली मटकन सोफ्यावर बसली. तिने आवाज तपासला होता. आवाजात काय असतं, ते तपासायचं राहूनच गेलं होतं!

"आई, पण तोंडाने सांगायचं ना," ती कशीबशी म्हणाली.

"तोंडानं?" हिराबाईंना ते फारच लागलं. "मी काय भांडखोर बाई आहो का?"

रेल्वे केव्हाच भरली होती. चेतनने फोनवर फोन करून एका ट्रॅव्हल्सच्या गाडीत तिघांच्या जागा मिळवल्या, अगदी मागच्या, हाडं खिळखिळी करणाऱ्या. हिराबाईंनी बॅग खाली ठेवली.

"परत येणार ना, आई?" दीपालीने विचारलं.

"ते सिंक बोललं, तर येईन."

दीपाली पुन्हा प्रयोगाला लागली. ताट ठेवून पाहिलं, जाळी ठेवून पाहिली. अखेर तळाला परात पालथी घातली आणि पळी सोडली. टण्ण्ण्! समोरच्या इमारतीतल्या बाई खिडकीत आल्या. हिराबाईंनी स्वतः पळी आपटून पाहिली, परात जराशी डावीकडे सरकवली, पुन्हा आपटली.

"हं. आता कसं घर वाटते!"

दुपारी त्या बाहेर साड्यांच्या घड्या घालत बसल्या, म्हणून भांडी दीपालीकडे आली. चेतन सोफ्यावर पाय पसरून क्रिकेट बघत होता.

"म्हणजे एवढं विज्ञान करून आपण होतो तिथंच!" तो ओरडला. "प्रयोग फसला म्हणायचा!"

दीपालीने झारा विसळायला घेतला. आपण कधी आदळआपट करत नाही, याचा तिला पहिल्यापासून अभिमान होता. तिच्या हातातून झारा नुसता निसटला. टण्ण!

हिराबाईंनी घडीवरून मानही वर केली नाही.

"ऊठ, बाबू. तुझ्यासाठी आहे."

"माझ्यासाठी? कशावरून?"

"झारा होता. माझ्यासाठी असलं, की ती झाकण आपटते."

आत दीपालीने हातातलं झाकण श्वास रोखून, दोन्ही हातांनी, अगदी अलगद ओट्यावर ठेवलं.