खोतांकडे बसलेली दुरुस्ती

मी लिहिलेली तीन ओळींची दुरुस्ती सोमवारी सकाळच्या एसटीने मिरजेहून चिपळूणला गेली आणि रोहिदास खोतांच्या घरी जाऊन बसली.

पद्धत तशीच आहे. संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्यात कुणीही दुरुस्ती सुचवावी. मात्र प्रोग्रॅम सांभाळणारे खोत ती वाचेपर्यंत दुरुस्तीने त्यांच्याकडे बसून राहायचं. माझ्या भास्करदादाला दिसत नाही. अठरा तारखेला त्याची खात्याची परीक्षा होती, संगणकावर, आणि तक्ता आला की प्रोग्रॅम गप्प व्हायचा. माझी दुरुस्ती त्यावरच होती. वयाच्या अटीमुळे दादाची ही शेवटची संधी.

मी मुळातच तापट. बुधवारी खोतांना आठवण करून दिली, शुक्रवारी पुन्हा दिली, आणि रविवारी सरळ लिहिलं, "झोपा काढताय का?"

संध्याकाळी दुरुस्तीचा फोन आला. "ताई, तुमचं पत्र त्यांनी माझ्यासमोरच वाचलं," ती म्हणाली. "कुठे तोंड लपवू असं झालं मला. नुकताच चहा दिला होता हो त्यांनी."

मी चिपळूण गाठलं. खोत पाणीपुरवठ्यात नोकरीला. हे काम घरी आल्यावर, हौसेनं. घरात एकशे चाळीस दुरुस्त्या होत्या. पलंगावर, जिन्यात, झोपाळ्यावर. खोत स्वतः ओट्याशी उभ्याने जेवत होते.

"बसा म्हटलं असतं," ते म्हणाले, "पण तुम्ही बघताच आहात."

मला लाज वाटली. तरी दादाची तारीख सांगितलीच.

"तुमची आधी घेऊ का?" त्यांनी खरंच विचारलं.

झोपाळ्यावरची लातूरची दुरुस्ती दिवाळीपासून बसलेली. ती जरा सरकून बसली. हिलाही तारीख होती का, असं मी विचारलं.

"होती," खोत म्हणाले. "जानेवारीत होऊन गेली."

मी बाहेर जाऊन दादाला फोन लावला. लातूरच्या दुरुस्तीचंही सांगितलं. तो म्हणाला, "नले, तुला वाचता येतं ना त्यातलं? मग त्यांच्याबरोबर वाच. ओळीनं. आपली येईल तेव्हा येईल."

मी रजा टाकली आणि फरशीवर बसून वाचायला लागले. चूक सापडली तर नीट शब्दांत सांगायची, काम आवडलं तर तेही सांगायचं, हे खोतांनी शिकवलं. एकेक दुरुस्ती उठून, नमस्कार करून प्रोग्रॅममध्ये जाऊ लागली. सतरा तारखेपर्यंत एकशे एकतीस झाल्या.

अठराला दादाचा प्रोग्रॅम तिसऱ्या पानावरच्या तक्त्याशी गप्प झाला. घंटा होईपर्यंत दादा मांडीवर हात ठेवून बसला.

वीसला माझी दुरुस्ती आत गेली. मी एसटीत मिरजेपर्यंत रडले. घरी दादाने खात्याने जाहीर केलेला तोच पेपर संगणकावर लावायला सांगितला. प्रोग्रॅमने तक्ता खडाखडा वाचला, दादाने एकेक उत्तर मला सांगितलं. सगळी बरोबर होती.

खोत हल्ली लोकांना आमचाही पत्ता देतात. काल परभणीहून एक दुरुस्ती आली, दाराशी चपला काढून उभी राहिली.

"बसायला दे तिला," दादा आतून म्हणाला, "आणि कधीपर्यंत हवंय ते विचार."

"घाई नाही, असं सांगायला सांगितलंय," ती म्हणाली.

माझा विश्वास बसला नाही. मी दारातच वाचायला घेतलं.