केळकरकाकांची हिरवी बादली

आमचे शेजारी केळकरकाका गाडी सुरू करण्याआधी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालतात. चारही टायर दाबून बघतात, वायपर उचलून बघतात. मग आत बसून मोठ्यानं म्हणतात, "दारं? बंद. पट्टा? लावला. पेट्रोल? आहे." कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायचं असलं तरी हेच. चालत गेलात तर लवकर याल, असं मी एकदा सुचवलं. "सवय मोडता कामा नये," ते म्हणाले.

ही सवय विमानाची. ख्राइस्टचर्चच्या भूकंपानंतर काका-काकू इथे टौरंगाला आले आणि दोन वर्षांत काकू गेल्या. मूलबाळ नव्हतं. साठीला टेकलेल्या काकांनी एकाएकी विमान चालवायला शिकायचं मनावर घेतलं. शिकवणारी एमा तेवीस वर्षांची. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "जस्ट कॉल मी एमा."

"येस, बाई," काका म्हणाले. ते कायमचं.

तिथल्या क्लबात एक रीत आहे. विद्यार्थी पहिल्यांदा एकटा उडून आला की त्याच्या अंगावर बादलीभर पाणी ओततात. काकांनी हे ऐकलं आणि घरची हिरवी बादली डिकीत टाकली. "न्हाऊ घालायचं ते घरच्या माणसानं," ते मला म्हणाले. "तू यायचंस."

मी हौसेनं गेलो. तीन शनिवार गेलो. तिन्ही वेळा आडवा वारा सुटला, बाईंनी नकारार्थी मान हलवली आणि आम्ही कोरडी बादली घेऊन परतलो. चौथ्या शनिवारी फोन वाजला तेव्हा मी लॉन कापत होतो. काकांचं नाव पाहिलं आणि फोन खिशात टाकला.

"अरे, घे ना," बायको म्हणाली.

"वाराच बघायचाय ना? तो इथेही आहे," मी म्हणालो. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

दुपारी काकांची गाडी मुंगीच्या चालीनं आली. मी थट्टेनं विचारलं, "काय काका, आजही वारा?"

"नाही, पडला होता. बाई उतरल्या, म्हणाल्या, गो. एक चक्कर मारून आलो."

डिकीत बादली होती. भरलेली, वर टॉवेल बांधलेला. म्हणून गाडी इतकी हळू.

"क्लबातले ओतत होते," काका म्हणाले. "मी म्हटलं थांबा, घरचं माणूस येतंय. तासभर थांबले बिचारे."

"काका, मी आत्ता ओततो."

"आता नको रे. ती वेळ गेली." ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

बादली उचलून ते मागच्या अंगणात काकूंच्या कढीपत्त्याकडे गेले. "ही म्हणायची, माझ्यावाचून तुमचं पान हलत नाही. एकट्यानं काहीतरी करायला शिका," ते म्हणाले. मी कुंपणाशीच थांबलो. तांब्यातांब्यानं त्यांनी सगळं पाणी झाडाला घातलं आणि सवयीनं मोठ्यानं म्हणाले, "पाणी? घातलं."

मग रिकामी बादली पालथी ठेवली.

"एकट्यानं?" त्यांनी झाडाला विचारलं. "जमलं."