चाळीसच्या स्पीडला वाचता आलं पाहिजे

आमचे दत्तूमामा जित्या माणसाचा फोटो काळा-पांढरा करत नाहीत. पाया पडा, रडून दाखवा, पुढाऱ्याचा फोन आणा. नाही म्हणजे नाही. एकदा एका हौशी नवरदेवानं लग्नपत्रिकेवर आपला आणि नवरीचा जुन्या सिनेमासारखा फोटो मागितला. मामांनी त्याला स्टुलावर बसवलं, गार पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "तब्येत बरी हाय न्हवं? दोगांची?"

आता यात मामांचंही फार चुकत नाही. आमच्याकडं चौकातल्या बोर्डावर काळा-पांढरा फोटो दिसला की माणसं गाडी हळू करतात आणि शेजारच्या पानवाल्याला विचारतात, "कधी गेलं?" रंगीत फोटो म्हणजे वाढदिवस, काळा-पांढरा म्हणजे श्रद्धांजली. यात तिसरं काही नसतं.

इंदापुरात एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर मामांचं फ्लेक्सचं दुकान आहे. त्याआधी ते पेंटर होते. उसाच्या ट्रॉल्या, टमटमी, किराणा दुकानं, अर्ध्या तालुक्यावर त्यांनी ब्रशनं नावं काढलीत. मग फ्लेक्स आला, ब्रश डब्यात गेला, पण नजर पेंटरचीच राहिली. कुठलंही काम असो, त्यांची परीक्षा एकच: "गाडी चाळीसच्या स्पीडला असताना वाचता आलं पाहिजे." वाढदिवसाच्या बोर्डाला हे ठीक आहे. पण मामा लग्नपत्रिकाही याच हिशेबानं करतात. मामींनी वाणसामानाची यादी दिली, तर हात लांब करून बघतात आणि म्हणतात, "गूळ ठळक पायजे हुता."

दुसरा सोस गॉगलचा. मामा फोटोतल्या प्रत्येकाला कॉम्प्युटरवर गॉगल चढवतात. "डोळं मिटलं आसत्याल तर झाकत्यात, उघडं आसत्याल तर शोभत्यात." निवृत्त झालेल्या एका गुरुजींना त्यांनी असा गॉगल घातला की सत्काराला आलेल्या मुलांनी दुसऱ्याच माणसाला हार घातला. शर्यत जिंकलेल्या बैलालाही घातलाय. बैलाचा मालक खूश होता.

मी दहावी पास झाले. नुसती पास, पहिलीबिहिली नाही. तर मामांनी आमच्या गावात, सांगवीच्या स्टँडवर माझा बारा फुटी बोर्ड लावला. मागं सिंह डरकाळी फोडतोय, डोक्यामागून सूर्यकिरण निघालेत, डोळ्यांवर गॉगल आणि खाली गोल गोल फोटोत अठ्ठावीस शुभेच्छुक. त्यात आमच्या दुधवाल्याचाही फोटो होता. महिनाभर मी त्या बोर्डाखालून मान खाली घालून कॉलेजच्या फॉर्मसाठी हिंडत होते आणि पोरं मागून डरकाळ्या फोडत होती.

असा हा बोर्डवेडा माणूस. आणि म्हणूनच चार वर्षांपूर्वी माझे पप्पा गेले तेव्हाची गोष्ट मला फार लागली. मामांनी पप्पांचा बोर्ड लावलाच नाही. दुधवाल्याला जागा देणाऱ्या मामांकडून सख्ख्या दाजींसाठी हातभर फ्लेक्स निघाला नाही. भावकीत कुजबुज झाली. आई म्हणाली, "जाऊ दे." मी जाऊ दिलं नाही. मामांकडं जात-येत राहिले, हसत-बोलत राहिले, पण मनात खडा होता.

तरीही 'गोंगाट'च्या वेळी मी मामांचाच उंबरा चढले, कारण लग्नसराईत बाकीच्या प्रेसवाल्यांनी आम्हाला दारात उभं केलं नाही.

'गोंगाट' हे आमच्या कॉलेजातल्या पोरांच्या गाण्यांचं मासिक. बारामतीत आमच्या कॉलेजला गॅदरिंगमध्ये जी गाणी वाजतात ती न ऐकणारी आम्ही सात-आठ टाळकी आहोत. आम्हाला आवडतात ती गिटार बडवणारी, घसा फाडणारी, स्वतःच्या खोलीत बसून स्वतःची गाणी करणारी पोरं. आमच्यातली सगळ्यात भारी म्हणजे कऱ्हाटीची अश्विनी. ती डाळिंबं पॅक करायच्या शेडमध्ये सराव करते. पहिल्यांदा तिनं वरचा सूर लावला तेव्हा शेजारच्या वस्तीवरनं माणसं काठ्या घेऊन पळत आली होती. असल्या पोरांबद्दल कोण लिहिणार? म्हणून आम्हीच लिहायचं ठरवलं. कॉलेजच्या सरांनी बजावलं, "गॅदरिंगला अंक हातात दिसला तर पुढचे निघतील. नाही दिसला तर विषय संपला." मी संपादक. म्हणजे नाक कापलं जाणार तर माझंच.

नाव ऐकूनच मामांनी कपाळाला हात लावला. "गोंगाट? पिंके, सोताच्या लेकराचं नाव आसं कोण ठिवतं? 'स्वरगंगा' ठिव, 'सूरसंगम' ठिव."

"मामा, गोंगाटच."

"बरं बाई. पण थोरलं करू." आणि त्यांनी ते इतकं थोरलं केलं की मुखपृष्ठावर 'गोंगा' मावलं आणि 'ट' पाठीमागं गेला.

मांडणी करायला माझ्याबरोबर सुशांत होता. वडील लोणी देवकरला कारखान्यात कामाला आणि हा दिवसभर मोबाइलवर पानं रचत बसणारा. त्यानं एक पान दाखवलं. खाली कोपऱ्यात गाण्याच्या चार ओळी आणि वर सगळं कोरं. मामा बघतच राहिले. "हितं काय येणार?"

"काहीच नाही मामा. ही जागा मोकळी ठेवायची."

"आरं बाबा, रानात एवढी पड दिसली तर लोकं म्हंत्यात मालक खचला!"

सुशांतही शेतकऱ्याचाच नातू. तो म्हणाला, "मामा, पड ठेवलेलं रान पुढच्या साली जोमात येतं का नाही? वाचणाऱ्याच्या डोळ्याला तेवढा विसावा." मामांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "व्हय, ह्ये पटलं." त्या दिवसापासून ते कोऱ्या जागेला 'विसावा' म्हणायला लागले. उलट आता आम्हालाच विचारायचे, "ह्या पानाला इसावा कमी पडतूया का गं?" खोटं कशाला सांगू, मला फार कौतुक वाटलं. पन्नाशी उलटलेला माणूस, तीस वर्षं चौकोनाचा चौकोन भरत आलेला, आणि पोरांचं ऐकून पान मोकळं सोडत होता.

गाडी अडली ती मुखपृष्ठावर. आम्हाला हवा होता अश्विनीचा मोठ्ठा काळा-पांढरा फोटो. माईक तोंडाशी, डोळे मिटलेले, मानेची शीर ताणलेली. मामांनी फोटो बघितला आणि माउसवरचा हात काढून घेतला.

"रंगीत करून देतो. मागं ज्वाळा टाकतो. पायजे तर गॉगल न्हाय घालत."

"मामा, अंकच तसा आहे. सगळं काळं-पांढरंच शोभतं त्याला."

"पोरीला आई हाय का घरी?" मामांनी आमच्याबरोबर आलेल्या अश्विनीकडं बघून विचारलं. "तिनं ह्यो कागद बघितला तर काय हुईल तिचं?"

अश्विनी खो खो हसली. "मामा, आई म्हणती, तू गातीस तवा जीव जातोय असंच वाटतं. तिला काही नवीन नाही."

मामा हसले नाहीत. तीन दिवस हाच घोळ चालला. आम्ही बारामतीहून एसटीनं यायचं, मामांनी चहा पाजायचा, ज्वाळा दाखवायच्या आणि आम्ही परत जायचं. गॅदरिंग चार दिवसांवर आलं. माझं टाळकं सटकलं. मी म्हणाले, "तुमच्या या येडेपणापायी आमचा अंक मरणार! काळ्या-पांढऱ्या फोटोनं कुणी मरत नसतं मामा! आणि जो खरंच मेला, त्याचा तर तुम्ही साधा बोर्डसुद्धा लावला नाही."

बोलले आणि जीभ चावली. पण बाण सुटला होता.  मामांनी कॉम्प्युटर बंद केला, चष्मा पुसला, पुन्हा पुसला आणि मागच्या दारानं निघून गेले.

दुकानाला लागूनच घर; मामींनी मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. "आज बोललीस ती बोललीस. आता ऐक," त्या म्हणाल्या. "तुजं पप्पा पुण्याला दवाखान्यात हुतं न्हवं? तवा तुज्या भावकीतनं कुणाचा तरी फोन आला. म्हनलं, डॉक्टरनं हात टेकलं, बोर्ड तयार ठिवा, उद्या घाई हुईल. तुजं मामा न्हाय म्हनत हुतं. पर सगळ्यांनी घाई केली. मग बसलं. फोटूतला रंग काढला. रडत रडत काढला. आन दुसऱ्या दिशी सकाळीच पप्पा गेलं."

मामींनी वर माळ्याकडं बघितलं.

"तवापास्नं एकच घोकत्यात. मी आदल्या दिशी रंग काढला म्हनून दाजी गेलं. म्या किती समजावलं, पर डोक्यातनं जात न्हाय. त्यो बोर्ड लावला न्हाय, जाळलाबी न्हाय. गुंडाळून माळ्यावर ठिवलाय. आन पिंके, त्यांनी कुणाला सांगू न्हाय म्हनून शपथ घातलीया. तवा तू ऐकलंच न्हाय."

चार वर्षं मी त्या माणसावर रागावून होते. आणि तो चार वर्षं माझ्या बापाच्या मरणाचं ओझं डोक्यावर घेऊन लोकांच्या वाढदिवसांना सिंह लावत होता. मला स्वतःची लाज वाटली.

मामा मागच्या शेडमध्ये होते. तिथं जुन्या फ्लेक्सखाली झाकलेलं एकरंगी छपाईचं मशीन आहे. पूर्वी ते त्यावर हँडबिलं छापायचे. मी शेजारी जाऊन बसले. माफी मागायची होती, पण शपथ आडवी आली. मग मी धंद्याचंच बोलले. "मामा, काळा रंग नको. पण आम्हाला एकच रंग पाहिजे. तुम्हीच सांगा कुठला."

मामांनी माझ्याकडं बघितलं.  मामींनी सांगितलं हे त्यांना कळलं असणार. आमच्या मामींची शपथ कुणाला माहीत नाही! पण तेही धंद्याचंच बोलले.

"राणी," ते म्हणाले. "राणी कलर. नवरीच्या शालूचा आसतो त्यो. मशीन ह्येच, फोटू त्योच, निस्ती शाई बदलायची. काळ्याच्या जागी राणी. मेलेल्या माणसाला राणी कलर कुणी लावत न्हाय."

त्यांनी फ्लेक्स ओढून काढला, बाह्या सारल्या आणि रॉकेलच्या फडक्यानं रोलरवरची जुनी काळी शाई पुसायला घेतली. सुशांत न् मी मदतीला लागलो. 'गोंगाट' हे नाव मात्र त्यांनी कॉम्प्युटरवर केलंच नाही. डब्यातला ब्रश काढला, तो कडक झाला होता, तेलात भिजवला आणि कागदावर हातानं अक्षरं काढली. आडदांड, तिरकी, आत्ता भांडायला उठतील अशी. पहिला कागद बाहेर आला तेव्हा अश्विनीनं किंकाळीच फोडली. शेजारचा सलूनवाला वस्तरा घेऊन आत आला.

काय सांगू तुम्हाला त्या मुखपृष्ठाचं! गर्द राणी रंगात डोळे मिटून गाणारी आमची अश्विनी, मागं भरपूर विसावा आणि वर मामांची अक्षरं. गॅदरिंगच्या दिवशी दुपारपर्यंत सगळे अंक संपले. जी पोरं आम्हाला वेडं म्हणायची ती आपल्या बहिणीला दाखवायला म्हणून मागायला आली. पुण्याहून गाण्याच्या कार्यक्रमाला आलेल्या एका मुलीनं अंक उलटसुलट करून विचारलं, "डिझाइन कुणाचं? पुण्यातला स्टुडिओ आहे का?"

"नाही," मी छाती फुगवून म्हणाले. "इंदापूरचा. माझे मामा."

मामा आले होते. इस्त्रीचा सफारी, डोक्याला तेल, मोटरसायकलवर इंदापूरहून. पण आत यायला तयार नाहीत. गेटवरूनच ओरडले, "पिंके, अंक वर धर! मी एक चक्कर मारून येतो." मला कळेना. मग कळलं. परीक्षा राहिली होती. मामा रस्त्याच्या टोकाला गेले, गाडी वळवली, मी गेटवर माझ्यापुरता राखलेला अंक डोक्यावर धरून उभी, आणि मामा चाळीसच्या स्पीडनं समोरून गेले.

"आलं! वाचता आलं!" त्यांनी जाता जाता हात वर केला. वॉचमननं मला विचारलं, "कोण हाय त्यो माणूस?" मी म्हटलं, "आमचे डिझायनर."

मामा दुसरी चक्कर मारायला पुढं गेले तेवढ्यात मी सहज अंक उलटा केला. शेवटचं पान कोरं ठेवायचं ठरलं होतं. प्रूफ मी स्वतः तपासलं होतं. अंकात शुभेच्छुकांची रांग नको, एकही गोल फोटो नको, हेही बजावलं होतं. आणि त्या कोऱ्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात रुपयाएवढा एक गोल होता.

पप्पा. राणी रंगात. ट्रॅक्टरवर टेप इतका मोठ्यानं लावायचे की चार शेतांपलीकडं आईला कळायचं जेवायला येतायत. जन्मात गॉगल न घातलेल्या माझ्या पप्पांच्या डोळ्यांवर झक्कास गॉगल होता, आणि खाली मामांच्या ब्रशनं एकच शब्द होता: शुभेच्छुक.

आमच्याकडं गेलेल्या माणसाला बोर्डावर वर बसवतात, हार घालून. खाली, शुभेच्छुकांत, फक्त जिती माणसं असतात.

रस्त्याच्या टोकाला मामांनी गाडी वळवली. मला नीट दिसत नव्हतं, पण मी अंक पुन्हा डोक्यावर धरला. या वेळी शेवटचं पान पुढं करून. मामांनी ते लांबूनच बघितलं आणि गाडी चाळीसवरून वीसवर आणली.