मर्व्हने बोट उचललं नाही

सकाळी सातला मर्व्ह टॉन्किनची उजवी तर्जनी मेंढवाड्याच्या फाटकात चेमटली. बायकोने, ग्लेनिसने, त्यावर केळ्याएवढं बँडेज बांधलं.

"शेजाऱ्यांना सांगू का? संध्याकाळी पाऊस आहे नि गहू उभा आहे."

"कुणाचे उपकार नकोत! एकटा कापतो सगळा!" मर्व्ह गरजला नि डिझेल आणायला निघाला.

वाटेत लिंडसे शूबर्टची गाडी समोरून आली. अशा वेळी रामराम म्हणून स्टिअरिंगवरचं बोट उचलायचं, हा इथला रिवाज. भांडण असलं तरी उचलायचं, फक्त जरा कमी! लिंडसेने उचललं. मर्व्ह डाव्या हाताने स्टिअरिंग सांभाळत होता. बँडेज मांडीवर पडून होतं. तो तसाच पुढे गेला.

लिंडसे हादरून थेट दुकानात. "नोरीन, मर्व्हने बोट उचललं नाही!"

"अरे देवा! बापाला पुरून येतानासुद्धा उचललं होतं त्याने!" दुकानवाली नोरीन काउंटरला टेकली.

"शेत विकतोय, दुसरं काय!"

"नाहीतर ग्लेनिस सोडून गेली."

"दोन्ही!" नोरीनने निकाल दिला नि दुकानातल्या वायरलेस रेडिओवरून पंचक्रोशीला कळवून टाकलं.

मर्व्ह डिझेल घेऊन परतला तर अंगणात गाड्यांची जत्रा! त्याचा हार्वेस्टर मागे कोंडलेला. स्वयंपाकघरात मटणाच्या रश्श्याची पातेली मांडलेली, आणि लिंडसे ग्लेनिसला म्हणतोय, "वहिनी, परत आलात, फार बरं केलंत."

"मी गेले कुठे होते?"

"गाड्या काढा आधी! ढग बघा!" मर्व्हने बँडेज नाचवलं.

सगळे बँडेजकडे वळले.

"बोट?" नोरीनने विचारलं.

"चेमटलं. फाटकात."

"मग सांगायला काय झालं होतं रे? आम्ही काय तुझे वैरी? नि या केळ्याने हार्वेस्टर चालवणार होतास?"

'उपकार नकोत' म्हणायला मर्व्हने तोंड उघडलं. तेवढ्यात आभाळ गडगडलं.

"नव्हतो," तो बारीक आवाजात म्हणाला.

दुपारी त्याच्या गव्हात तीन हार्वेस्टर फिरत होते. लिंडसे चहा प्यायला उतरला, तेव्हा मर्व्हने घसा खाकरला. "लिंडसे, तुम्ही सगळे..."

"गप रे! रस्सा संपव म्हणजे झालं. माझ्या बायकोने केलाय, तेवढी शिक्षा पुरे!"

शेवटची बातमी हाती आली तेव्हा निम्मा गहू आत आला होता, ढग टेकडीपाशी घुटमळत होता, आणि मर्व्ह डोळे पुसत 'धूळ फार' म्हणत होता. घाईत कुंपणाचं फाटक उघडं टाकून आलेल्या लिंडसेची मेंढरं हमरस्त्यावर होती. त्यांना वळवायला पंचक्रोशीत कुणीच घरी नव्हतं.