पाणी न घेता गेलेला माणूस

सतीशच्या पळण्याला घरात कुणाचा विरोध नव्हता. ते कुणाला पटत नव्हतं, एवढंच. वाशीमजवळच्या मालेगावच्या एका पतसंस्थेत कारकुनी करणारा, पस्तिशी गाठलेला, लेकराबाळांचा माणूस सकाळी उठतो आणि कुठंही जायचं नसताना पळत सुटतो, ही गोष्ट गावाच्या गळी उतरणं कठीणच होतं. सुरुवातीला लोक मोटारसायकल थांबवून कळवळ्यानं विचारत, "काहून पयून राह्यला बाप्पा? बस हुकली का?" हुकली नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा, कारण मागच्या सीटवर जागा करूनच ते थांबलेले असत.

त्याचे वडील भिवाजी शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "पय तुले पयाचं तं. पन हे अर्ध्या चड्डीवर नोको. अंगभर घाल काई." सतीशनं वडिलांचा मान ठेवला. विहारात जाताना घालायचा जुना पांढरा सदरा आणि पांढरी पँट त्यानं पळण्यासाठी काढली. पुढं जे झालं त्यात या सदऱ्याचा मोठा वाटा आहे, म्हणून तो आत्ताच सांगून ठेवला.

पळणाऱ्या माणसाचं एकट्यानं पळून भागत नाही, त्याला चार जणांना पळवायचं असतं. सतीशनं वाशीमच्या पळणाऱ्या मंडळींना शब्द देऊन टाकला की आमच्या तलावाभोवती दौड घेऊ. जागा खरोखर देखणी. मधे तलाव, एका अंगाला मातीची लांब पाळ, बाकी सगळीकडं सागवानाचं जंगल आणि त्यात गुरांनी आणि रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, पाडलेल्या पायवाटा. पाळीच्या अलीकडच्या टोकाला चुन्याची रेघ. तिथून निघायचं, जंगलातून पल्याडच्या काठाला जायचं, डोंगराला लांबचा वळसा घालायचा आणि पाळीवरून परत त्याच रेघेवर यायचं. अडचण एकच होती. पल्याडच्या काठाला डोंगर थेट पाण्याशी येतो. मधे जेमतेम एक पट्टी उरते आणि त्या पट्टीवर दुर्गाबाईचं घर, अंगण आणि काट्याचं फाटक आहे. ते टाळायचं तर पोहायला लागलं असतं.

दुर्गाबाई ही भिवाजींची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून तिथं एकटी राहून शेती करणारी, आणि भिवाजींशी बोलणं बंद केलेली. कारण साडीचं. भिवाजींच्या मुलीच्या, मंजुषाच्या लग्नात सगळ्या बायांना एकाच गठ्ठ्यातल्या पांढऱ्या, निळ्या काठाच्या साड्या दिल्या, तीच बहिणीलाही दिली. दुर्गाबाईनं मांडवातच साडी वर धरली. "गठ्ठ्यातली? मले? मी का चुलत-मावसातली हाओ?" भिवाजी काही बोलेपर्यंत तिनं पुढचं वाक्यही सांगून टाकलं. "आता तुह्या मयतालेच येईन."

नंतर शेजारणीकडून निरोपही आला की साडीची फडकी केली. भिवाजी बहिणीच्या फाटकापर्यंत कितीदा तरी जाऊन आले. ती आतून बघायची, फाटक उघडायची नाही. दर हिवाळ्यात तुरीच्या ओल्या शेंगांची पहिली पाटी बहिणीकडं जायची. आता भिवाजी ती पाटी दिवसभर ओसरीत ठेवायचे आणि संध्याकाळी बायकोला, वच्छलाबाईला म्हणायचे, "घाल शिजवायले." बहीण बोलल्याप्रमाणं वागणारी बाई आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे ती येणार हे नक्की, पण ती येईल तेव्हा बघायला आपण नसणार, हे त्यांना फार लागलं होतं.

त्या रविवारी सकाळी सतीश पूर्ण वाट एकदा न थांबता पळून बघायला निघाला. मोबाईल घरी ठेवला, कारण तो खिशात उड्या मारतो. जंगलात एका नाल्यात घसरून पडला, तेव्हा सदऱ्याला चिखल लागला. पुढं डोळ्यात चिलट गेलं, ते चोळून डोळे लाल झाले. अशा अवस्थेत तो आत्याच्या फाटकाशी आला आणि गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकू लागला.

दुर्गाबाई शेण टाकायला बाहेर आल्या होत्या. भावाच्या घरचं माणूस दारात बघून त्या जागीच थबकल्या.

"काय रे सतीश?"

सतीशला बोलवेना. त्यानं नुसती मान हलवली.

राग असला तरी पाण्याला वैर नसतं. दुर्गाबाईंनी तांब्या भरून आणला. "घे. बस जराशीक."

"नाही आत्या. पानी नोको. बसता येत नाही." वाशीमच्या मंडळींनी त्याला सांगितलं होतं की पळताना घटाघटा पाणी पिऊ नये. "फाटक उघडा लवकर. मले पुढं जाच हाय अजून."

"पन झालं काय?"

"मंग सांगतो आत्या. आता थांबलो तं काई खरं नाही."

दुर्गाबाईंनी फाटक उघडलं. सतीश अंगण ओलांडून पलीकडच्या वाटेनं डोंगराच्या दिशेला पळत गेला. त्या हातात भरलेला तांब्या घेऊन उभ्या राहिल्या.

त्या भागातल्या जुन्या माणसांना एक गोष्ट सांगावी लागत नाही. मयताचा निरोप घेऊन येणारा माणूस दाराबाहेर उभा राहतो. तो बसत नाही, त्या घरचं पाणी घेत नाही, आणि पुढच्या घरी निरोप द्यायचा असतो म्हणून लगेच निघतो. दुर्गाबाईंनी पांढरे कपडे पाहिले होते, लाल डोळे पाहिले होते, आणि परत आलेलं पाणी हातातच होतं. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि हंबरडा फोडला, "भिवा रे!"

शेजारच्या मळ्यातून गोजराबाई आणि त्यांचे मालक रंगराव धावत आले. ही दोघं तलावाच्या पाण्यावर भाजीपाला आणि फुलं करतात. मालेगावच्या बाजारासाठी त्यांचा छोटा टेम्पो भरून उभा होता.

"थो आमच्या वांग्यातूनबी गेला," गोजराबाई म्हणाल्या. "म्या हाक मारली, तं हात जोडले अन् गेला. तवाच मले समजलं."

"हात जोडले?" रंगराव गंभीर झाले. "मंग इचारायचं काय राह्यलं?"

सतीशनं हात जोडले होते ते वांग्याचं एक झाड पायाखाली आलं म्हणून. पण ते सांगायला तो तिथं नव्हता.

"दुर्गाबाई, उठा. बसा टेम्पोत," रंगराव म्हणाले. "मेथी उतरवत नाही, येळ जाईन. शेवंतीबी राहू द्या, लागनच."

"थांबा," दुर्गाबाई म्हणाल्या आणि घरात गेल्या. बऱ्याच वेळानं पांढरी साडी नेसून बाहेर आल्या. मेथीच्या जुड्यांवर त्या आणि गोजराबाई बसल्या आणि टेम्पो काठाकाठानं सरळ पाळीकडं निघाला. गोजराबाईंचा भिवाजींशी फारसा परिचय नव्हता, पण रडणाऱ्या माणसाला एकटं रडू द्यायचं नाही म्हणून त्याही मोठ्यानं रडत होत्या.

त्या काठाला मोबाईलला रेंज नसते, ती पाळीवर चढल्यावर येते. पाळीवर येताच रंगरावांनी एका हातानं भिवाजींच्या घरी फोन लावला. वच्छलाबाईंनी उचलला.

"वच्छलाबाई, धीर धरा," रंगराव जड आवाजात म्हणाले. "आमी निघालो हाओ." मागून रडण्याचा कल्लोळ आला आणि रेंज गेली.

वच्छलाबाई फोनकडं बघत राहिल्या. फोन पल्याडच्या रंगरावांचा. रडणं पल्याडचं. आणि पल्याड आपलं म्हणावं असं एकच माणूस, तेही एकटं राहणारं. त्या ओसरीत आल्या. भिवाजी तुरीच्या शेंगांची पाटी पुढं घेऊन बसले होते.

"आयकलं का? बाईचं काईतरी झालं," असं म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला.

भिवाजी उठले. त्यांना गुडघ्यांचा त्रास होता, जिना चढताना ते थांबत. पण त्या सकाळी ते पळाले. वहाणा घालायचं भान राहिलं नाही, शेंगांची पाटी हातात तशीच राहिली. गावातून पळताना त्यांना कुणीही विचारलं नाही की बस हुकली का. त्यांचा चेहरा बघून लोक वाटेतून बाजूला झाले आणि त्यातले काही गुपचूप मागं चालू लागले. "येक डाव तं बोलाचं होतं व बाई," एवढंच ते पळता पळता म्हणत होते.

टेम्पो पाळीवरून येत होता, भिवाजी पाळीकडं जात होते. चुन्याच्या रेघेपाशी दोघं समोरासमोर आले.

आधी गोजराबाईंचं रडणं थांबलं. "अवं माय," त्या म्हणाल्या, "थो पाहा कोन पयून राह्यलं!"

रंगरावांनी करकचून ब्रेक मारला. शेवंतीचं पोतं रस्त्यावर पडून फुटलं. दुर्गाबाई मेथीवरून खाली उतरल्या. बहीण-भाऊ फुलांच्या अल्याड-पल्याड उभे राहून एकमेकांकडं बघत राहिले.

"बाई, तू?" भिवाजींना धाप आवरेना. "कोन गेलं मंग?"

"तूच तं गेला!"

"मी? मी कवा?"

"सतीश सांगून गेला."

"काय सांगतलं?"

दुर्गाबाई आठवू लागल्या. आठवता आठवता त्यांचा आवाज बारीक झाला. "सांगतलं काई नाही. पानी नाही घेतलं त्यानं."

भिवाजींनी पाटी खाली ठेवली आणि मटकन रस्त्यावर बसून लहान मुलासारखे रडले. दुर्गाबाईही शेजारी बसल्या. आधी दोघं मेलेल्या माणसासाठी रडली होती, आता जिवंत माणसासाठी रडली, आणि हे दुसरं रडणं जास्त वेळ चाललं. जमलेले लोक खाली बघत उभे राहिले. रंगरावांनी डोक्यावरची टोपी काढली होती, ती परत घालावी की नाही हे त्यांना ठरवता येईना.

तेवढ्यात डोंगराचा वळसा संपवून सतीश पाळीवर आला. लांबून त्याला रेघेपाशी गर्दी दिसली, रेघेवर अंथरलेली फुलं दिसली, पांढऱ्या साडीतली आत्याही दिसली. गावाला आपलं पळणं पटलं तर शेवटी, असं वाटून त्याचा ऊर भरून आला. त्यानं दोन्ही हात वर केले आणि तसाच पळत येऊन फुलांवर थांबला.

दुर्गाबाई उठल्या आणि त्यांनी त्याच्या पाठीत एक ठेवून दिली. "भैताडा! बाप जिता हाय तुहा!"

सतीशला हे आधीपासून माहीत होतं.

राग निघाल्यावर दुर्गाबाईंना आपला शब्द आठवला. त्यांनी पदर सावरला. "मी मयताले आली होती. मयत नाही, तं मी चालली."

"घरी चाल. जेवून जाय," भिवाजी म्हणाले.

"मयताच्या घरी जेवत नाहीत."

"मंग मयत झालं म्हन. तुहा शब्द राह्यला."

"झालं कसं म्हनू? तू तं समोर बसला हायस."

"नाही झालं ना? मंग जेवाले काय हरकत हाय?"

दुर्गाबाईंनी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. बाहेर पडायला जागा नव्हती. "भूक तं लागली हाय," त्या म्हणाल्या आणि भावाच्या पुढं चालू लागल्या.

मागून चालताना भिवाजींना साडी दिसली. पांढरी, निळ्या काठाची. घड्यांच्या रेघा अजून कडक होत्या आणि डांबरगोळ्यांचा वास येत होता.

"बाई, हिची तं फडकी केली होती ना?"

"मयताले का कोनी चांगली नेसते?" दुर्गाबाई मागं न बघता म्हणाल्या. "हे सापडली हाताले."

"पेटीच्या पार तयातून काढली," गोजराबाई भाबडेपणानं म्हणाल्या. "टेम्पो चालू करून बसलो होतो आमी." दुर्गाबाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं की गोजराबाई मेथीचा हिशेब करू लागल्या.

जेवण झालं. ओल्या तुरीच्या शेंगांचं आळण होतं. सतीशनं जपून दौडीचा विषय काढला. दुर्गाबाई म्हणाल्या, "पया बापा माह्या आंगनातून. पन जो येईन त्यानं बसाचं, पानी घ्याचं, मंगच फाटक उघडीन." वाशीमच्या मंडळींना हे कसं सांगायचं, या विचारात सतीशनं मान डोलावली.

संध्याकाळी रंगराव टेम्पो घेऊन आले. भिवाजींनी शेंगांची पाटी टेम्पोत ठेवली आणि उगाच ती सारखी करत उभे राहिले.

"आता कवा येशीन?" त्यांनी विचारलं.

दुर्गाबाईंनी साडीच्या निऱ्या झटकल्या. शब्द मोडणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. "सांगतलं ना एकदा. तुह्या मयताले."

"ये," भिवाजी म्हणाले. "पन आजच्यासारखीच, जराशीक अगोदर ये."