शालिकरामच्या मांडीचे माप

अकोल्याच्या दवाखान्यातून शालिकराम घरी आला, तेव्हा तो माणूस कमी आणि खाटेवर वाळत टाकलेला लेंगा अधिक भासत होता. फुप्फुसांच्या दुखण्याने बावीस दिवस यंत्राच्या श्वासावर काढलेले. फुप्फुसे वाचली, अंगावरचे मांस मात्र दवाखान्यातच राहिले. निघताना व्यायाम शिकवणाऱ्या मैथिली मॅडमनी बजावले, "मांडीवर पेनाने खूण केलीय. दर रविवारी तिथेच टेप लावा आणि आकडा मला फोनवर सांगा. आज चौदा इंच आहे. पुढचा व्यायाम त्यावरूनच ठरेल."

हे कार्य थोरले बंधू चंद्रभान यांनी स्वखुशीने शिरावर घेतले. मूर्तिजापुरात चाळीस वर्षे पँटी शिवलेला गृहस्थ! पत्नी पार्बताबाईंना ते म्हणाले, "मापात माहा हात धरनारा अख्ख्या तालुक्यात नाई."

पहिल्या रविवारी माप भरले पंधरा. पार्बताबाईंनी दिराच्या हातावर साखर ठेवली. दुसऱ्या रविवारी साडेपंधरा, तिसऱ्या रविवारी सोळा. फोनवर मॅडमही हरखल्या. "एवढ्या लवकर? मग आता आधार काढा. एकट्याने उठू-चालू द्या."

त्याच दिवशी चालण्याची लोखंडी चौकट माळ्यावर गेली, आणि शालिकरामच्या यातनांस प्रारंभ झाला.

"भाऊ, पायात जीवच नाई वो."

"कावून नाई? दोन इंच मांस चढलं! टेप काय लबाड बोलते? आळस भरला तुह्या अंगात, दुसरं काई नाई."

"उठा ना जी भाऊजी," पार्बताबाई म्हणत, "शेजारचे हासून राह्यले."

एके सकाळी तो अंगणात पाण्याच्या टाक्यापाशी बसला, तो बसलाच. पार्बताबाई धावल्या, तोच चंद्रभान गरजले, "हात लावू नको! त्याचं त्याले उठू दे." तासाभराने शालिकराम बसल्या बसल्याच सरकत घरात आला. आपण भावाच्या भल्याचेच केले, असे समाधान मात्र चंद्रभानांच्या मुद्रेवर विलसत होते.

महिन्याने दोघे भाऊ तपासणीस अकोल्याला गेले. मॅडमनी शालिकरामला खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठायला सांगितले. तो एकदाही उठला नाही. मॅडमनी टेप लावला. साडेतेरा!

"काका, तुम्ही तर सोळा सांगितलं होतं. माझ्यासमोर मोजा बरं."

चंद्रभानांनी गळ्यातला टेप काढला, सराईतपणे मांडीभोवती फिरवला आणि घोषणा केली, "सोळा."

"टेपच्या आत ही चार बोटं कोणाची?"

"माहीच त. सैल धरा लागते ना मॅडम! पैल्या रविवारी दोनच बोटं टाकली होती. मंग म्हटलं, दुखन्यातून उठलेला मानूस, भरून येईनच. म्हून दर खेपेले जरासं वाढवत गेलो. चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाची पँट मांडीत अडकली नाई."

"काका, यांना पँट नाही शिवायची."

शालिकराम एवढा हसला, की त्याला ठसका लागला. चंद्रभानांना मात्र हसू आले नाही. इतके दिवस ज्याला ते भावाचा आळस म्हणत आले, ती त्यांचीच बोटे होती. टाक्यापाशी बसलेला शालिकराम त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

व्यायाम पहिल्यापासून सुरू करण्याचा कागद घेऊन दोघे बाहेरच्या बाकावर बसले. चंद्रभान म्हणाले, "शालिक, मार मले एक. गुमान खाईन."

शालिकरामने उजवा हात उचलला. तो खांद्यापर्यंतही पोचला नाही. अलगद थोरल्याच्या गुडघ्यावर येऊन पडला.

"आता नाई, भाऊ," तो धापा टाकत म्हणाला. "हात भरू द्या जरासा. आता मारलं त तुमाले लागनार बी नाई."