सगळ्या गोळ्या एकाच भोकातून

नेमबाज आणि निशाण यांच्यातलं अंतर जितकं वाढवावं, तितका नेम अचूक होत जातो. जगातल्या इतर नेमबाजांना हे अजून उमगलेलं नाही. जळगावच्या तापीथडी रायफल क्लबला ते सत्त्याऐंशी सालीच उमगलं. पन्नास मीटरवर क्लबचा नेम शेकडा अकरा होता (निशाण सर्वांना दिसत असे). तेच निशाण माळावर तीनशे मीटर लांब नेलं, आणि नेम शेकडा शंभर झाला. तिथलं निशाण फक्त उखर्डूला दिसे.

उखर्डू म्हणजे निशाणाखालच्या खड्ड्यात बसणारा क्लबचा नोकर. गोळी मधोमध लागली तर पांढरा झेंडा, चुकली तर लाल, असा नियम होता. लाल झेंड्याची कधी गरजच पडेना, तेव्हा त्याच्या बायकोने, भागाबाईने, त्या लाल कापडाची भाकरीसाठी पिशवी शिवून टाकली. दुपारी उखर्डूने ती पिशवी वर धरली की क्लबची जेवणाची सुट्टी होई. शिस्त म्हणाल तर अशी.

कारखान्याची काडतुसं मिळणं मुश्किल, म्हणून क्लबने रीतसर परवाना काढून रिकामी काडतुसं पुन्हा भरायला घेतली. यात दारू तोलण्याला फार महत्त्व (दारू म्हणजे बंदुकीची, हा खुलासा पहिल्याच सभेत करावा लागला). कणभर कमीजास्त झाली की गोळी भलतीकडे जाते. तेव्हा हे नाजूक काम लोटनशेठ सराफांना त्यांच्या तराजूसकट देण्यात आलं. लोटनशेठ दारू सोन्यासारखी तोलत, आणि हाताला सवयच म्हणून दर काडतुसामागे थोडी दारू घट म्हणून कापून घेत.

यावलच्या चुडामण पाटलाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला नावलौकिकही नको होता. सातपुड्यातून उतरणारी रानडुकरं त्याच्या केळीचे खांब आडवे करत होती. एक बाग गेली होती, दुसरी घडावर आली होती. तीही गेली तर बिचाऱ्याचं वर्ष गेलं. पीकसंरक्षणाचा परवाना होता, रायफल होती, नेम तेवढा नव्हता. म्हणून तो शिकायला आला. श्वास रोखायला शिकला, वारा ओळखायला शिकला, पालथं पडून राहायला शिकला (यात बरेच सदरे फाटले). त्याच्या प्रत्येक गोळीला पांढरा झेंडा मिळाला. क्लबचे अध्यक्ष निंबा नाना यांनी भर सभेत त्याच्या गळ्यात पदक घातलं.

त्याच आठवड्यात दिवस मावळताना डुकरं आली. मचाणावरून चुडामणने वारा पाहिला, श्वास रोखला, घोडा दाबला. क्लबमध्ये भरलेली ती गोळी बांधापाशीच मातीत शिरली. डुकराने एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा घडाला तोंड लावलं. शेजारी चुडामणची बायको पुष्पाबाई बसली होती. ती म्हणाली, "त्याले पदक दाखवा."

चुडामणने क्लबकडे तक्रार केली. चौकशी समिती बसली, चहा झाला, अहवाल आला: डुक्कर फार जवळ होतं. सभासदाने ते तीनशे मीटरवर न्यावं आणि पुन्हा प्रयत्न करावा.

चुडामण स्वतःच पाहायला म्हणून उखर्डूच्या खड्ड्यात जाऊन बसला. पलीकडून निंबा नाना गोळ्या झाडत होते. एकेक गोळी अर्ध्या वाटेवर धुरळा उडवून विसावत होती, आणि उखर्डू पांढरा झेंडा हलवत होता. निशाणाच्या कागदाला बरोबर मधोमध एक गोल भोक होतं. ते उखर्डूच्या विडीचं होतं. (वार्षिक अहवालातली नोंद: सर्व गोळ्या एकाच भोकातून गेल्यामुळे कागदाच्या खर्चात लक्षणीय बचत.) आपलं सगळं शिक्षण त्या भोकाएवढं होतं, हे चुडामणला कळलं आणि त्याला रडूच यायला लागलं.

उखर्डू शांतपणे म्हणाला, "भाऊ, लाल दखाडं ते सकाय मनी जागावर दुसरा बशी. तोबी पांढराच दखाडी." (लाल दाखवला तर उद्या त्याच्या जागेवर दुसरा बसणार, एवढाच त्याचा हिशेब.)

चुडामणचं डोकं सटकलं. त्याने ती लाल पिशवी हिसकावली आणि डोक्यावर धरून गरागरा फिरवली. क्लबच्या इतिहासात पहिल्यांदाच खरा निकाल जाहीर झाला. तो पाहताच सर्वांनी रायफली खाली ठेवल्या आणि हात धुतले.

भरीत-भाकरीची पंगत बसली. नानांनी चुडामणला शेजारी बसवून घेतलं, स्वतःच्या हाताने त्याला भरीत वाढलं आणि सर्वांदेखत विचारलं, "चुडामण, तू तर आज जवळून पाहिलंस. कसा काय आहे आमचा नेम?"

पंगत थांबली. तो खरं बोलला असता तर दारू पुरती भरली गेली असती, आणि बाग वाचली असती. पण मग पदकाचं काय, आणि समोर वाढलेल्या भरिताचं काय?

"नाना," चुडामण म्हणाला, "मधोमध."

बाग महिनाभरात गेली. पदक अजून भिंतीवर आहे.

आता तुम्ही म्हणाल, काय हा मुळमुळीत माणूस, एवढं एक वाक्य खरं बोलवेना त्याला. अगदी बरोबर आहे तुमचं. मात्र मी कधी घरी आलो, तुमच्यासमोर चहा पीत बसलो आणि ही कथा कशी वाटली म्हणून विचारलं, तर तुम्ही काय म्हणणार ते मला ठाऊक आहे. खरं सांगू का, मला तेवढंच ऐकायचंय.